बिनफळाच्या तुती

आमच्या दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, झाडांचं वेड आहे असं कुणी म्हटलं की ते चिडायचे. "वेड कसलं? नोकरी आहे ती." पण नोकरीवरून आलेला माणूस हातपाय धुतो, चहा पितो, जमलं तर बायकोशी चार शब्द भांडतो. दाजी आले की आधी व्हरांड्यातल्या जुन्या डब्यांकडे जायचे. त्यांत खोचलेल्या काड्यांना मुळं फुटली का ते बोटानं उकरून बघायचे. ताई आतून ओरडायची, "अहो, रोज उकरलं तर काडी काय, माणूससुद्धा मूळ धरणार नाही!"

दाजी उद्यान विभागात माळी. बागेच्या कोपऱ्यात विभागानं दिलेल्या दोन खोल्या. दाराशी सुरू होणारा रस्ता थेट शाळेपर्यंत जातो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुती आहेत. एकूण एकशे चाळीस. मी मोजलेल्या नाहीत. दाजींनी हा आकडा मला इतक्या वेळा ऐकवलाय की माझ्या वाढदिवसाच्या तारखेआधी तो आठवतो.

पूर्वीही या रस्त्यावर तुतीच होत्या, पण फळाच्या. फळ पिकलं की फुटपाथ जांभळा व्हायचा, माश्या घोंगावायच्या, शाळेतली पोरं पांढऱ्या शर्टांचे नकाशे करून घरी जायची. एक औषधदुकानदार घसरून पडला आणि त्यानं विभागाकडे असा काही तक्रार अर्ज केला की वाचणाऱ्याला वाटावं, तुतीनंच त्याला पाय आडवा घातला. तेव्हा दाजी नवे होते, तरुण होते, डोक्यात किडा होता. त्यांच्या लक्षात आलं की रोपवाटिकेमागच्या एका तुतीला फळच धरत नाही. थंडी सरली की नुसते लोंबते तुरे येतात, उन्हाळा लागेपर्यंत गळतात, संपलं. ना डाग, ना माशी. दाजींनी त्या एकाच झाडाच्या काड्या तोडून कलमं केली आणि जुनी झाडं मरतील तशी, कधी मारतील तशी, त्या जागी ही लावत गेले. बारा वर्षांत सगळा रस्ता त्या एका झाडाची वंशावळ झाला. सावली अशी की भर दुपारी म्हाताऱ्या बाकांवर बसून सुनांची उणीदुणी काढायच्या. विभागानं दाजींना प्रशस्तिपत्र दिलं. ते भिंतीवर लागलं आणि दाजी मुख्य माळी झाले.

धाकटी जन्मली तेव्हा रस्ता पूर्ण झाला होता.

ताईला दोन मुली. थोरली बारा वर्षांची, तोंडानं तिखट. धाकटी आता नऊ वर्षांची, आणि तिला मी शिंकूबाई म्हणायचो. चौथ्या वर्षी सुरू झालं. थंडी सरली की सकाळी उठल्यापासून शिंका. एक, दोन, सात, अकरा. थोरली मोजायची. "मामा, आज सतरा! कालचा विक्रम मोडला!" आम्ही हसायचो. धाकटीही हसायची, लाल डोळ्यांनी, नाकाचा शेंडा सोललेला. मग सुट्ट्या लागेपर्यंत सगळं आपोआप थांबायचं आणि आम्ही विसरून जायचो. वर्षातले नऊ महिने जी पोर ठणठणीत असते तिला आजारी कोण म्हणेल? हवापालट म्हणायचं, पडसं म्हणायचं, आणि कामाला लागायचं.

कामं तर होतीच. ताई मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखात्यात. दिवसभर परक्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, शल्यगृहातले हिरवे कपडे. संध्याकाळी घरी आली की स्वतःच्या घरचे. दाजी पहाटे पाचला पाणी सोडायला बाहेर पडायचे. मी त्यांच्याच गल्लीत एका छापखान्यात अक्षरजुळणी करतो, म्हणून मुलींना शाळेतून आणायचं काम माझ्याकडे. ते कामही मी दाजींच्या भाषेत 'अर्धवट पाणी दिल्यासारखं' करायचो. कधी पोचायचो, कधी शिपाईमामांच्या खुर्चीवर मुली बसलेल्या असायच्या.

पाचव्या वर्षी शिंकांच्या जोडीला खोकला आला. सहाव्या वर्षी खोकल्याला शिट्टी लागली. छातीतून बारीक शी-शी आवाज, जसा जुन्या पंपाचा वॉशर गेल्यावर येतो. ताई घाबरली. दाजी म्हणाले, "घरात कोंडून ठेवता पोरीला, धुण्याच्या वाफेत. तिला शुद्ध हवा पाहिजे."

आणि त्यांनी औषध सुरू केलं. रोज पहाटे, पाणी सोडून झालं की घरी यायचे, धाकटीला उठवायचे, खांद्यावर घ्यायचे आणि त्या तुतीखालून शाळेपर्यंत नि परत असं फिरवून आणायचे. "मोठा श्वास घे. अजून मोठा. झाडं काय देतात?" "हवा देतात," ती सांगायची आणि शिंकायची. "निघू दे, निघू दे. आतली घाण आहे ती." दोन वर्षं हे चाललं. थंडीत नाही, पावसात नाही. नेमकं तुऱ्यांच्या दिवसांत, कारण पोर नेमकी त्याच दिवसांत आजारी असायची. तिच्या केसांवर पिवळी भुकटी बसायची. दाजी ती कौतुकानं झटकायचे. "बघ, झाडानं पावडर लावली माझ्या लेकीला."

मी हे पाहिलंय. एकदा त्यांच्याबरोबर चाललोही आहे. मला काहीही खटकलं नाही.

दुसऱ्या वर्षी ताईच्या दवाखान्यातल्या एका परिचारिकेनं तिला ॲलर्जी बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. ताईची रजा मंजूर व्हायला तीन आठवडे लागले, तोवर तुरे गळून गेले होते आणि धाकटी मजेत होती. दाजी म्हणाले, "बघ, उतार पडला, कशाला जायचं?" ताई म्हणाली, "रजा मिळालीय. ती वाया घालवायला मी काय साहेबीण आहे?" म्हणून गेले सगळे. मीही गेलो, कारण धाकटीनं सुई टोचून घेताना मामाचाच हात धरायचा हट्ट धरला.

सुई म्हणजे नुसते ओरखडे होते. हातावर पेनानं आकडे लिहिले, प्रत्येक आकड्याशी एक थेंब, त्यात एक टोचणी. धूळ, गवत, मांजर, बुरशी, काय काय. पंधरा मिनिटं थांबायचं. धाकटी आकडे वाचत बसली. चौदा नंबरला खाज सुटली. बघता बघता तिथं नाण्याएवढी गांध उठली आणि तिच्याभोवती लाल कडं. बाकी हात गुळगुळीत.

डॉक्टरीणबाईंनी यादी बघितली. "घराजवळ तुतीचं झाड आहे का?"

ताईला हसू आलं. "एक? एकशे चाळीस आहेत, बाई. ही यांनीच लावलीत."

"नाही पण," दाजी घाईनं म्हणाले, "आमच्या तुतीला फळच येत नाही. त्या साध्या तुती नव्हेत."

"फळ येत नाही त्याच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती नर झाडं. पराग तीच सोडतात. फळाच्या झाडाचा काही त्रास नसतो." त्या लिहीत होत्या, वर न बघता. "तुऱ्यांच्या दिवसांत सकाळी तिला अजिबात बाहेर काढू नका. पराग सकाळीच जास्त उडतात. झाडाखालून तर नकोच."

दाजी माझ्याकडे बघत नव्हते, ताईकडे बघत नव्हते. ते त्या चौदा नंबराकडे बघत होते. धाकटी म्हणाली, "बाबा, आपण तर सकाळीच जातो." मग डॉक्टरीणबाईंनी नाकात मारायचा फवारा कसा धरायचा ते दाखवलं, छातीसाठी पंप दिला, आणि सांगितलं की दोन वर्षांत त्रास नाकातून छातीत उतरलाय, असाच वाढला तर औषध पुरं पडणार नाही. एक तर झाडं लांब पाहिजेत, नाहीतर मुलगी.

त्या दिवसापासून दाजींचं बोलणं कमी झालं. कुंपणानंच शेत खाल्लं तर कुंपणाला काय वाटत असेल, असा विचार मी पूर्वी कधी केला नव्हता. भिंतीवरचं प्रशस्तिपत्र त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं ताई मला म्हणाली. ते तसंच राहिलं आणि त्याच्या समोर बसून ते जेवायचे.

मग त्यांनी मला अर्ज लिहायला बसवलं. "तुझं अक्षर चांगलंय. लिही, सदर झाडांपासून लहान मुलांना धोका असल्यानं ती टप्प्याटप्प्यानं बदलावीत." मी लिहिलं. आम्ही दोघं साहेबांकडे गेलो. साहेब उद्यान विभागाचे प्रमुख, सज्जन माणूस, म्हणजे खुर्चीवर बसून जेवढं सज्जन राहता येतं तेवढा. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला.

"झाडं तोडा म्हणणारा माळी आज पहिल्यांदा बघितला."

"एकदम नाही साहेब. दरवर्षी दहा. त्या जागी फळाची लावू."

साहेबांनी कारकुनाकडून जुनी फाईल मागवली. फळाची झाडं का बदलली त्याची. चाळता चाळता एक कागद बाहेर काढून त्यांनी दाजींपुढे सरकवला. "हा अभिप्राय कुणाचा?"

मी वाकून वाचलं. दाजींचं अक्षर, आजच्यापेक्षा सरळ आणि तरुण. 'सदर जातीच्या झाडांपासून नागरिकांना कोणत्याही प्रकारचा त्रास होत नाही. मी स्वतः खात्री केली आहे.' खाली सही.

"आता वर काय लिहू मी?" साहेब हळू आवाजात म्हणाले. "की माळ्याच्या मुलीला शिंका येतात? अख्खा गाव त्या सावलीत बसतो हो. तुम्ही घर बदला."

"घर विभागाचं आहे, साहेब. मुख्य माळ्यानं बागेतच राहायचं, असा नियम आहे."

"हो. आहे खरा." साहेबांना नियम माहीत होता. तोही बहुतेक त्यांनीच केला असावा.

बाहेर आल्यावर मी दाजींना बरं वाटावं म्हणून म्हणालो, "दाजी, पुढच्या वेळी अभिप्राय लिहिताना जरा गिचमिड अक्षरात लिहा." ते हसले नाहीत. "खात्री केली होती रे," म्हणाले. "चार महिने रोज त्या झाडाखाली बसून जेवलो होतो. मला काही झालं नाही."

त्या हिवाळ्यात ताईनं घराचं वेळापत्रक बनवलं. कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत. दोन खोल्यांत चौघांचे ओले कपडे, त्यामुळे डोकं वर करून चाललं की कुणाचा तरी पायजमा तोंडावर. दाजींनी कामाचे कपडे रोपवाटिकेतच बदलून यायचं, तिथंच डोकं धुवायचं. धाकटीला शाळेतून आणल्यावर आधी न्हाणीघर, मग माया. उशीचा अभ्रा रोज. फवारा दोन वेळा. थोरली एक दिवस वही आपटून म्हणाली, "या घरात सगळं तिच्या नाकावर चालतं! माझी परीक्षा आहे, कुणाला माहीत तरी आहे का?" ताईनं तिला रागावलं नाही. हातातला अभ्रा पिळता पिळता विचारलं, "कधी आहे गं?" परीक्षा आदल्या दिवशीच सुरू झाली होती.

आणि दाजींनी छाटणी काढली. तुरे येण्याआधी झाड खोडापर्यंत तासलं तर त्या वर्षी तुरे येत नाहीत. परवानगी फक्त वाळक्या फांद्यांची होती. घरापासूनची बावीस झाडं त्यांनी आठ दिवसांत अशी तासली की रस्त्याच्या कडेला मुठी वळून उभी असल्यासारखी दिसायला लागली. म्हाताऱ्या बाकांवरून उठल्या आणि दाराशी आल्या. "अरे मेल्या, तूच लावलीस नि तूच मुंडन केलंस? कोण गेलंय तुझ्या घरात?" साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तो अर्जही मीच लिहिला. 'वाळक्या फांद्या' हे शब्द चार वेळा घालून.

पण उरलेल्या एकशे अठरांचं काय? वाऱ्याला कुठं माहीत होतं की बाविसाव्या झाडापाशी थांबायचं आहे. आणि शाळा सकाळचीच, ती चुकवणार तरी किती?

त्या वर्षी तुरे आले आणि दुसऱ्याच आठवड्यात, शाळेच्या मैदानावर सकाळच्या रांगेत, धाकटी खाली बसली. बाईंना वाटलं नाटक करते. मग ओठ निळे दिसले. पंप दप्तरात होता आणि दप्तर वर्गात. शिपाईमामांनी तिला उचलून रिक्षात घातलं. दवाखाना ताईचाच. ताई तेव्हा तळघरात चादरींची गाडी ढकलत होती. तिला कुणीतरी वर बोलावलं तर ती साबणाच्या हातांनीच धावत गेली. मी पोचलो तेव्हा धाकटीच्या तोंडावर वाफेचा मुखवटा होता आणि ताई तिच्या पलंगावरची चादर सारखी करत होती. पुन्हा पुन्हा. कोपरा ताणायची, खोचायची, परत काढायची.

दाजी आले. कामाचे कपडे अंगावर होते, म्हणून दारातच थांबले. आत आलेच नाहीत. दारातून विचारलं, "श्वास?"

"घेतेय," ताई म्हणाली. "तुम्ही येऊ नका आत."

ती रागानं म्हणाली नव्हती. कपड्यांवर पराग होते, एवढंच. पण दाजी तिथून मागे सरकले ते जिन्यापर्यंत गेले.

आत्यांकडे, म्हणजे दाजींच्या थोरल्या बहिणीकडे पाठवायचं ठरलं ते त्याच आठवड्यात. त्यांचं गाव समुद्रकाठी, सहा तासांवर, झाडं कमी आणि वारा खारा. आत्यांना मूल नाही. त्या फोनवर म्हणाल्या, "तीन महिन्यांसाठी कशाला पाठवता? शाळा अर्धी इकडे अर्धी तिकडे होणार. वर्षभर राहू दे. सुट्टीत येईल तुमच्याकडे." तिसऱ्या दिवशी तिनं धाकटीच्या कपड्यांना इस्त्री करायला घेतली. दाजींनी एकदाच विचारलं, "मी नोकरी सोडू का?" ताई म्हणाली, "आणि करणार काय? दुसरं काय येतं तुम्हाला?" ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं असणार.

धाकटी गेली. शिंका थांबल्या, पंप लागेनासा झाला, वजन वाढलं. आत्या दर रविवारी फोन करून सांगायच्या आणि प्रत्येक चांगली बातमी ऐकल्यावर घरात अर्धा तास शांतता असायची. दाजींनी ती कलमं करणं सोडून दिलं. व्हरांड्यातले डबे थोरलीनं भंगारवाल्याला दिले.

यंदा सुट्टीत धाकटी पंधरा दिवसांसाठी आली. त्याआधी दाजींनी एकशे चाळीस झाडं एकेक करून तपासली, तुरा राहिला नाही ना म्हणून. तीन दिवस लागले. मग फोन केला, "पाठव. काही नाही आता."

ती बसमधून उतरली. उंच झाली होती, गालावर रंग होता. उतरल्या उतरल्या तिनं खिशातून रुमाल काढून नाकावर धरला.

"अगं, गळाले सगळे," दाजी म्हणाले. "एकही नाही. मी बघितलंय."

"हो बाबा," ती म्हणाली, आणि रुमाल तसाच ठेवून चालायला लागली. वर झाडांकडे बघितलं नाही. आपण कुत्र्याजवळून जातो तशी, पाय न वाजवता.

पंधरा दिवस ती शहाण्यासारखी राहिली. मागितलं ते खाल्लं, थोरलीशी पत्ते खेळली, ताईच्या कुशीत झोपली. फक्त बाहेर यायची नाही. दाजी संध्याकाळी दाराशी उभे राहून म्हणायचे, "चल, कोपऱ्यापर्यंत." ती म्हणायची, "उद्या जाऊ." शेवटच्या दिवसापर्यंत तो उद्या काही उजाडला नाही. दाजींनी जोर केला नाही. खात्री केली आहे असं त्यांना पुन्हा म्हणवलं नसावं.

परत सोडायला मी गेलो. दाजी आणि ताई बसथांब्यावर उभे होते. धाकटीनं दोघांना हात केला, रुमालामागून. बस सुटली, तुतीखालून शाळेपर्यंत गेली, वळली. रस्ता मोकळा झाला. तिनं रुमालाची घडी केली, खिशात घातली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदाच भडाभडा बोलायला लागली. आत्याची मांजर व्यायलीय, मामा. तीन पिल्लं आहेत. एकाचं नाव मी ठेवणार आहे. आत्या थांबलीय माझ्यासाठी. ही बस आणखी जोरात नाही का जात?

दुसऱ्या दिवशी मी परतलो तर दाजी थांब्यावरच होते. फुटपाथ झाडल्याचं निमित्त करत.

"रडली का रे जाताना?"

"रडली ना," मी म्हणालो. "बरंच. वळणानंतर."

"वेडी आहे," दाजी म्हणाले. झाडू खांद्याला टेकवून त्यांनी थोडा वेळ वळणाकडे बघितलं. "आईवर गेलीय. समोर नाही रडायची."

आणि घराकडे चालताना त्यांनी मला छापखान्यात काम कसं चाललंय ते विचारलं. वर्षभरात विचारलं नव्हतं.